'चेक' या शब्दाचे इतके अर्थ कसे? आणि हा आला कुठून?

अडीचघर

रोजच्या बोलण्यात 'चेक' किती वेळा येतो ते एकदा बघाच. मेल चेक केली का, चेक वटला का, चेक्सचा शर्ट, हॉटेलातलं चेक-इन, फॉर्मवरचा चेकबॉक्स, सीमेवरची चेकपोस्ट, बुद्धिबळातलं चेकमेट. इंग्रजीत आणखी पुष्कळ आहेत. घोडदौड थोपवणं म्हणजे चेक. पोकरमध्ये बोली न लावता पाळी पुढे ढकलणं म्हणजे चेक. आइस हॉकीत समोरच्याला अंगाने धडक देऊन अडवणं हाही चेकच. अमेरिकेत जेवणाचं बिल म्हणजेसुद्धा चेक.

आता कापडावरचे चौकोन, बँकेचा कागद, थांबवणं आणि तपासणं यांचा एकमेकांशी काय संबंध? कोणालाही वाटेल की चार वेगळे शब्द योगायोगाने एकाच उच्चारावर येऊन थांबले असावेत. तसं नाही. यातले जवळजवळ सगळे अर्थ बुद्धिबळाच्या पटावर मारलेल्या एका हाकेतून निघाले आहेत: 'शाह!'

शाह म्हणजे राजा. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की तसं तोंडाने सांगायचं, ही इराणी खेळातली रीत. आपण मराठीत आजही तेच म्हणतो, शह दिला. हाच शब्द अरबांबरोबर युरोपात पोचला. लॅटिनमध्ये त्याचा 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक', आणि नॉर्मन लोकांनी तो इंग्लंडात नेल्यावर पुढचा 'एस्' गळून उरला 'चेक'. फ्रेंच 'एस्चेक'चं अनेकवचन 'एस्चेस', त्याचाही पुढचा भाग गळला आणि झालं 'चेस'. म्हणजे चेक आणि चेस ही एकाच शब्दाची दोन वचनं. 'चेस'चा शब्दशः अर्थ काढला तर 'शहा', म्हणजे पुष्कळ राजे.

१४व्या शतकात हे इंग्रजीत किती मुरलं होतं ते इंग्रज कवी चॉसरच्या एका कवितेत दिसतं. लँकेस्टरची डचेस ब्लँच १३६८ साली वारली, तिच्या शोकात लिहिलेली ती कविता. शोकाकुल सरदार सांगतो की मी नशिबाबरोबर बुद्धिबळ खेळलो, नशिबाने माझी राणी मारली आणि मला 'चेक' म्हणून पटाच्या मधोमध 'मात' दिली. चेक, मात आणि पटासाठीचा 'चेकर' असे तिन्ही शब्द लागोपाठच्या ओळींत आले आहेत.

मग अर्थ पसरले कसे? शह बसला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. हल्ला चढवायचा असो की वजीर वाचवायचा असो, आधी राजाचं बघावं लागतं. त्यामुळे चेक म्हणजे अचानक आलेला अटकाव. त्यातून कोणालाही आवर घालणं, लगाम लावणं. राज्यघटनेच्या चर्चेतले 'चेक्स अँड बॅलन्सेस' ते हेच, सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला दिलेला शह. आणि आवर घालायचा तर लक्ष ठेवावं लागतं, हिशेब पडताळावा लागतो. तिथून 'तपासणं' आलं. आज हा अर्थ सगळ्यांच्या तोंडी असला तरी वयाने धाकटा आहे, १७व्या शतकाच्या अखेरीकडचा.

मराठीत शहाने वेगळा रस्ता धरला. तोही पटावरून उतरला, पण थेट राजकारणात शिरला आणि तिथेच रमला. शह-काटशह आपण रोज वाचतो, पण 'जरा मेल शह कर' असं अजून तरी कोणी म्हणत नाही.

कापड आणि बँक यांची गोष्ट थोडी वाकडी आहे. प्रतिसादांत लिहितो, इथे फार लांबेल.

शब्दवेडी

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. कापडाबद्दल तुम्ही लिहायच्या आधी मीच घुसते, कारण आपल्याकडे याचं जुळं भावंड आहे: सतरंजी.

सतरंजी म्हटलं की बहुतेकांना 'सात रंग' आठवतात आणि तिथेच विषय संपतो. पण शब्द 'शतरंजी' आहे, म्हणजे शतरंजच्या पटासारखी, चौकड्यांची. आणि शतरंज कोण? आपलंच चतुरंग. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना. पहलवी भाषेत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, त्याचं 'चतरंग' झालं, अरबीत च आणि ग नसल्यामुळे 'शतरंज', आणि तेच अरबी रूप पुढे 'अल' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखं) चिकटवून स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस' झालं. खेळ इथून गेला, नाव बदलून परत आला आणि येताना अंथरूण घेऊन आला. :)

म्हणजे इंग्रजीत राजाच्या नावावरून चौकड्यांच्या कापडाला चेक म्हणतात, आणि आपण सेनेच्या नावावरून सतरंजी म्हणतो. कल्पना मात्र दोन्हीकडे तीच.

तिरकस

आणि आता सतरंजीवर चौकडे असतातच असं नाही, बहुतेक पट्टेच असतात. नाव राहिलं, पट गेला.

बाकी धागा झकास. पण देवनागरीत 'चेक' लिहिलं की चेक प्रजासत्ताकही त्याच रांगेत येऊन बसतं, त्याचं काय? तिथल्या माणसाने चेक्सचा शर्ट घालून चेक चेक केला तर वाक्य कसं वाचायचं?

अडीचघर

शब्दवेडीताई, सतरंजीसाठी मनापासून आभार. सतरंजीशिवाय हा धागा अर्धाच राहिला असता.

तिरकस, त्या देशाच्या नावाचा शहाशी काही संबंध नाही. ते लोक स्वतःला 'चेख' म्हणतात आणि त्यांच्या दंतकथेत चेख नावाचा आदिपुरुष आहे. इंग्रजीत त्या नावाचं स्पेलिंग विचित्र दिसतं कारण ते पोलिश लेखनपद्धतीवरून उचललं आहे. तरीही एक गंमत आहेच. त्यांच्या भाषेत बुद्धिबळाला 'शाखी' म्हणतात आणि त्यातला 'शाख' हा आपलाच शाह. जर्मनमध्येही 'शाख', रशियनमध्ये तर खेळाचं नावच 'शाखमती', म्हणजे शह आणि मात एकत्र करून अख्खा डाव.

आता कापड. यात एक बारीक मेख आहे. आपला जुना अष्टापद पट आठ गुणिले आठ घरांचाच होता, पण एकरंगी. काही घरांवर खुणा असायच्या, एवढंच. इराणी आणि अरबी पटही रेघा मारलेले एकरंगी. एक काळं एक पांढरं अशी घरं रंगवणं ही युरोपची भर. स्वित्झर्लंडमधल्या आइन्झिडेल्न मठात १०व्या शतकाच्या अखेरची एक लॅटिन कविता मिळाली आहे. बुद्धिबळाबद्दलचा युरोपातला सगळ्यात जुना मजकूर म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिच्यात दुरंगी पट आहे. या रंगांमुळे उंटाची तिरकी चाल नजरेला झटकन कळते, नाहीतर दर वेळी घरं मोजत बसा. तर तो दुरंगी पट नसता तर 'चेक' शब्दाला चौकडीच्या कापडाचा अर्थ या रूपात चिकटलाच नसता. शर्टाचं श्रेय खेळाला कमी आणि ज्याने पट रंगवला त्याला जास्त जातं.

पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेकिये' म्हणायचे. इंग्रजीत त्याचा 'चेकर' झाला आणि पुढे कापडापुरता तोही आखडून 'चेक' उरला. ज्याच्या भूतकाळात बऱ्यावाईट दोन्ही गोष्टी आहेत त्याला इंग्रजीत 'चेकर्ड पास्ट' म्हणतात, ती हीच काळी-पांढरी घरं.

जमाखर्च

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, कारण विषय माझ्या खात्यात आला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. त्यातलं 'एक्सचेकर' म्हणजे अडीचघर यांनी वर सांगितलेलं 'एस्चेकिये'च. शब्दशः घेतलं तर तो माणूस बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री आहे.

हे कसं झालं त्याचं वर्णन करणारं एक अस्सल पुस्तक आहे. १२व्या शतकात, ११७०च्या दशकाच्या अखेरीस, दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लॅटिनमध्ये खजिन्याच्या कामकाजावर एक संवाद लिहिला. गुरू आणि शिष्य असे दोनच जण. शिष्य विचारतो, हे एक्सचेकर म्हणजे काय? गुरू आधी टेबलाचं माप सांगतो: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वरच्या वस्तू खाली पडू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ. त्यावर दर वर्षी ईस्टरच्या सत्रात नवं काळं कापड घालायचं, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. या रेघांमधल्या घरांत सोंगट्या मांडून हिशेब करायचा.

सोंगट्या कशाला? तर रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे जिवावरचं काम. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. म्हणून घरंच किमती दाखवायची. एक रांग पेन्सची, पुढची शिलिंगांची, मग पौंडांची, मग वीस पौंडांची, शंभराची, हजाराची, दहा हजारांची. रांग रिकामी राहिली की तेच शून्य. समोर बसलेला माणूस निरक्षर असला तरी सोंगट्या उचलताना-ठेवताना त्याला आपला हिशेब डोळ्यांनी दिसतो. मला ही पद्धत कागदावरच्या हिशेबापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, पण ते असो.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. शिष्य नावाचं कारण विचारतो तेव्हा गुरू म्हणतो की पटासारखं दिसतं हे एक कारण झालं. दुसरं असं की पटावर जशी दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते. शेरीफ आपल्या परगण्याचा वसूल घेऊन आलेला, खजिनदार त्याच्याकडून पै-पै वसूल करायला बसलेला, आणि बाकीचे निवाडा करायला आजूबाजूला. अहो, लेखापरीक्षणाचं इतकं खरं वर्णन मी आमच्या कुठल्याही नियमावलीत वाचलेलं नाही.

आता स्पेलिंगची गंमत. 'एक्स' हा उपसर्ग तिथे मुळात नाहीच. 'स्क'ने सुरू होणारा शब्द जुन्या फ्रेंच जिभेला जड जायचा म्हणून पुढे 'ए' लावला, जसं हिंदी पट्ट्यात स्कूलचं 'इस्कूल' होतं. पुढे पंडितांना वाटलं की हा लॅटिनमधला 'एक्स' बिघडून 'एस' झाला असणार, म्हणून त्यांनी तो 'सुधारला'. एक्सचेंजशी त्याचा संबंध जोडणारे लोक भेटतात, ते याच सुधारणेचे बळी.

शब्दवेडी

जमाखर्चकाका, काय लिहिलंय! टेबलावरच्या कापडावरून खात्याला नाव मिळाल्याचं आणखी एक उदाहरण आहे. फ्रेंच 'ब्युरो'. मूळ अर्थ टेबलावर पसरायचं जाडंभरडं लोकरी कापड. मग ते टेबल, मग ती खोली, मग ते खातं, आणि शेवटी सगळी ब्युरोक्रसी. सोंगट्यांनी मोजणी करायच्या टेबलावरूनच 'काउंटर' आला. आणि 'बजेट' म्हणजे चामड्याची छोटी पिशवी, हाही जुन्या फ्रेंचमधूनच. म्हणजे पटाचा मंत्री दर वर्षी पिशवी सोडतो आणि आपण टीव्हीसमोर बसतो.

वाटसरू२

लेख माहितीपूर्ण आहे, पण बँकेच्या चेकबद्दल मी वेगळं वाचलंय. अरबीत 'सक्क' नावाचा कागद होता, पैसे देण्याचा लेखी आदेश. अब्बासी खलिफांच्या काळातले व्यापारी तो वापरत, म्हणजे प्रवासात रोकड न्यायला नको. त्या 'सक्क'चाच 'चेक' झाला असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. उच्चारही जवळचा आहे आणि कामही तेच. मग बुद्धिबळापर्यंत जायचं कशाला?

अडीचघर

वाटसरू, सक्क होता हे खरंच आहे. तो मुळात फारसी 'चक'वरून अरबीत आला हेही बहुतेक जण मानतात. व्यवहार म्हणून तो आजच्या चेकचा पूर्वज आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण वस्तूचा पूर्वज आणि शब्दाचा पूर्वज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडात हाताने लिहिलेला एक जुना चेक जपलेला आहे, १६५९ सालचा, ४०० पौंडांचा, लंडनच्या क्लेटन आणि मॉरिस यांच्या पेढीवर काढलेला. पण त्या काळात अशा कागदाला चेक म्हणत नसत. १८व्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द पैशाच्या कागदांच्या संदर्भात दिसायला लागतो, तेव्हा त्याचा अर्थ काय? तर पुस्तकात मागे राहणारा तुकडा, काउंटरफॉइल. कागद फाडून दिला, तो परत आला की मागच्या तुकड्याशी ताडून बघायचा. खाडाखोड आणि बनावट कागदाला आळा घालणारा, म्हणून तो 'चेक'. पुढे मागच्या तुकड्याचं नाव पुढच्या कागदाला चिकटलं. शब्द अरबीतून आयता आला असता तर तो आधी मागच्या तुकड्यावर कशाला बसला असता?

दुसरं, सक्क इंग्लंडात येणार कुठून? इटालियन किंवा फ्रेंच व्यापाऱ्यांमार्फतच. पण इटालियनमध्ये चेकला 'असेन्यो' म्हणतात आणि फ्रेंचने तर 'शेक' हा शब्द इंग्रजीकडून घेतला. मधल्या कुठल्याच मुक्कामावर सक्कच्या पाऊलखुणा नाहीत.

ब्रिटिश स्पेलिंगमध्ये (cheque) शेवटी जे 'que'चं शेपूट आहे ते एक्सचेकरच्या प्रभावाने १९व्या शतकात रुळलं. अमेरिकेने जुनंच साधं ठेवलं. त्यामुळे तिथे तपासणं, बिल, बँकेचा कागद सगळं एकाच स्पेलिंगने लिहितात.

फारसी_कच्ची

सक्कबद्दल दोन ओळी. आजच्या अरबीत बँकेच्या चेकला 'शीक' म्हणतात, जो युरोपीय भाषांकडून घेतलेला आहे. म्हणजे ज्यांचा तो शब्द म्हणायचा त्यांनीच पाहुणा घरात घेतला! आणि सक्क कुठे गेला? तो दस्त, रोखा या अर्थाने आहेच. इस्लामी अर्थव्यवहारातल्या रोख्यांना 'सुकूक' म्हणतात, ते सक्कचं अनेकवचन.

पण मला भांडायचंय ते 'मात'वरून. सगळीकडे छापलेलं असतं की शाह मात म्हणजे 'राजा मेला', कारण अरबीत माता म्हणजे तो मेला. वाक्य ऐकायला छान आहे, पण खेळात राजा मरतो का? कधीच नाही. तो पटावरून उचललाही जात नाही. तो अडकतो, त्याला घर उरत नाही. फारसीत 'मात' म्हणजे थक्क, हतबुद्ध, काय करावं ते न सुचणारा. आजही फारसीत माणूस 'मात राहिला' म्हणतात, म्हणजे बघतच राहिला. हाकही फारसी, खेळही इराणातून गेलेला, मग शेवटचा शब्द तेवढा अरबी क्रियापद कसा? अरबांनी ऐकून त्याचा आपल्या भाषेतला अर्थ लावला असणार, असं माझं मत. निर्विवाद नाही हे मान्य, पण पारडं इकडे झुकतं.

मराठीतला 'मात करणे' बघा. संकटावर मात केली म्हणतो तेव्हा संकट मेलं असं कोणी म्हणत नाही, ते निष्प्रभ झालं. आपला वापर फारसी अर्थाच्या जास्त जवळ आहे.

तिरकस

मग 'मातब्बर' पण यातलाच का? सगळ्यांना मात देणारा? आणि शहाणा म्हणजे शह देणारा? विचारून ठेवतो, रात्री झोप लागायला हवी.

फारसी_कच्ची

दोन्ही नाही. मातब्बर हा अरबी 'मुअतबर', म्हणजे विश्वासपात्र, वजनदार. शहाणा हा अस्सल आपला, संस्कृत 'सज्ञान'. हिंदीतला सयाना त्याचाच भाऊ. झोपा आता.

शाहचं मूळ मात्र आपल्या घराजवळ आहे. जुन्या फारसीत तो 'ख्शायथिय'. प्राचीन इराणच्या दारियस राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो स्वतःला 'राजांचा राजा' म्हणवतो, तेच पुढे शहानशहा झालं. त्यातला ख्शा म्हणजे सत्ता चालवणं. आपल्या 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' यांचं तेच कूळ, आणि 'क्षत्रप' तर इराणातून आलेली पदवीच, राज्य राखणारा. तेव्हा बँकेत चेक लिहिताना आपण एका क्षत्रियाच्या दूरच्या नातलगावर सही करत असतो.

जमाखर्च

शहावरून आठवलं. जुन्या हुंड्यांत 'शाहजोग हुंडी' असायची. ती कोणालाही वटवता येत नसे, बाजारात पत असलेल्या 'शाह' माणसालाच पैसे मिळत. आजच्या रेघा मारलेल्या चेकच्या जवळ जाणारा प्रकार. चेक आणि शाह पुन्हा एकत्र आलेले बघून टाळी वाजवावीशी वाटते, पण वाजवू नका. हा शाह वेगळा. तो संस्कृत 'साधु'वरून आला: साहू, साह, शाह. प्रतिष्ठित सावकार. सावकारातला 'साव' तोच. इराणच्या राजाशी त्याचं नातं नाही.

आणि काउंटरफॉइलबद्दल. ही कल्पना कागदाच्या आधी लाकडात होती. एक्सचेकरमध्ये पैसे भरल्याची पावती म्हणून लाकडाच्या काठीवर खाचा पाडत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला फुगलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक तुकडा पैसे देणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. हिशेबाच्या वेळी दोन्ही जुळवायचे. खाच वाढवली तर दुसऱ्या तुकड्याशी मेळ बसणार नाही, आणि लाकडाच्या शिरा खोट्या करता येत नाहीत. लांब तुकड्याला 'स्टॉक' म्हणत, आखूड तुकड्याला 'फॉइल'. काउंटरफॉइलमधला फॉइल आणि शेअर बाजारातला स्टॉक, दोन्हींचा संबंध या काठ्यांशी लावतात.

या काठ्या १८२६ साली बंद झाल्या. साठलेल्या जुन्या काठ्यांचं काय करायचं म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. भट्ट्या भडकल्या आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहं जळून खाक झाली. हिशेबाच्या जुन्या पावत्या वेळेवर नष्ट करा असं मी नवीन लोकांना सांगतो, पण कशा करू नका हेही सांगतो.

शब्दवेडी

बापरे, हे माहीत नव्हतं!

काकांच्या पडताळणीला एक पुरवणी. 'कंट्रोल' शब्दही असाच आहे. मूळ फ्रेंच 'कॉन्त्र-रोल', म्हणजे मुख्य गुंडाळीशी ताडून बघायला ठेवलेली दुसरी गुंडाळी. त्यातून आधी तपासणं, मग ताबा. चेक आवरण्यातून तपासण्याकडे गेला, कंट्रोल तपासण्यातून आवरण्याकडे. वाटेत दोघं एकमेकांना ओलांडून गेले. आणि वर ज्या चॉसरचा उल्लेख आला तो १३७४पासून लंडन बंदराच्या जकातीवर कंट्रोलर होता, म्हणजे अशी दुसरी नोंद ठेवणं हेच त्याचं काम.

फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी: तिथे 'एशेक' म्हणजे अपयश. अनेकवचनात बुद्धिबळ, एकवचनात नापास. इंग्रजीने शह बसल्यावर थांबून तपासलं, फ्रेंचांनी सरळ हार मानली.

वाटसरू२

सक्कबद्दलचं उत्तर वाचलं. मधल्या भाषांत शब्द नाही हा मुद्दा वजनदार आहे, तरी दोन्ही शब्द कुठेतरी एकमेकांना भेटले नसतील असं मी अजून म्हणणार नाही. असो.

'मॅट फिनिश'मधला मॅट पण या मातवरूनच आला का? निस्तेज, चमक नसलेला. हरलेल्या राजाला शोभतं.

फारसी_कच्ची

हो आणि नाही. फ्रेंचमध्ये 'मात' म्हणजे खचलेला, निस्तेज असा शब्द होता, त्यातूनच मॅट फिनिश आलं. तो बुद्धिबळातून आला की लॅटिनमधल्या दारू चढलेला या अर्थाच्या 'मात्तुस'वरून, यावर कोशकारांत एकमत नाही. मला लॅटिन जास्त पटतं, कारण रंगाला लावलेला अर्थ पटापासून फार लांब पडतो.

तिरकस

शेवटची शंका, मग मी गप्प. अमेरिकन लोक बोलावणं टाळताना 'रेन चेक घेतो' म्हणतात. यात ना थांबवणं आहे, ना तपासणं, ना बँक. आणि सामान 'चेक-इन' करतात तेव्हाही तपासतो दुसराच कोणीतरी, आपण फक्त बॅग देऊन मोकळे.

अडीचघर

ही फांदी राहिलीच होती, बरं झालं विचारलंत. जमाखर्चकाकांच्या काठीतच उत्तर आहे. मागे राहणारा तुकडा जसा चेक, तसाच वस्तू ठेवून घेताना दिलेला बिल्ला किंवा चिठ्ठीही चेक. कोट ठेवला की कोटाचा चेक, रेल्वेत पेटी दिली की पेटीचा. परत घ्यायला आलात की तुमचा बिल्ला पेटीवरच्या बिल्ल्याशी जुळवायचा. म्हणून 'बॅग चेक करणं' म्हणजे मुळात बिल्ला घेऊन ती सोपवणं. ती उघडून बघणं नव्हे. हल्ली विमानतळावर दोन्ही होतात म्हणून गोंधळ उडतो. हॉटेलातलं चेक-इन २०व्या शतकातलं, तिथे बॅगेऐवजी माणसाचीच नोंद होते.

रेन चेक बेसबॉलच्या मैदानावरचा, १८८०च्या दशकातला. पावसाने सामना बंद पडला तर तिकिटाचा उरलेला तुकडा जपून ठेवायचा आणि पुढच्या सामन्याला तोच दाखवून आत जायचं. आमंत्रण टाळणारा माणूस म्हणतो, तुकडा माझ्याकडे राहू दे, नंतर वापरीन. बहुतेक वेळा वापरत नाही, तो भाग वेगळा.

पोकरमधला चेक मात्र अडवण्याच्या कुळातला. बोली वाढवायची नाही, आहे तिथेच थांबायचं, पाळी पुढच्याला द्यायची. त्यासाठी खेळाडू बोटांनी टेबलावर टकटक करतात, तोंडाने काही बोलायची गरज नसते.